'प्रकृती स्थिर': एका अपंगत्व विमा दाव्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याच रुग्णाचे आहे. ओळख पटू नये म्हणून वय, हुद्दा आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्यातल्या माझ्या चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

रुग्ण 44 वर्षांच्या, एका मोठ्या कंपनीत वरिष्ठ अंतर्गत लेखापरीक्षक. सहा वर्षांपूर्वी एका डोळ्याची दृष्टी चार-पाच दिवसांत धूसर झाली, डोळा हलवला की दुखू लागला आणि तपासण्यांअंती मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणाला इजा करणाऱ्या आजाराचे, निदान झाले. पुढे दोनदा आजार उलटला. त्यानंतर औषध बदलले आणि दर सहा महिन्यांनी इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून औषध, सुरू झाले. गेल्या दोन वर्षांत नवा रीलॅप्स नव्हता, एमआरआयवर नवा डाग नव्हता. या आजारातील अपंगत्व मोजण्यासाठी 0 ते 10 अशी एक मोजपट्टी वापरतात. तिच्यावर त्यांचा अंक 2.5 होता. न्यूरॉलॉजिस्टने समाधान मानावे अशीच ही स्थिती होती, आणि मी ते मानलेही.

मात्र या मोजपट्टीत 4 च्या पुढचा भर मुख्यत्वे चालण्यावर आहे. चांगले चालणारा रुग्ण तिच्यावर खालीच राहतो, मग त्याला दुपारनंतर साधी बेरीज जमत नसली तरी. आमच्या रुग्णाचे नेमके तसेच झाले होते. सकाळी दोन तास त्या पूर्वीसारखे काम करीत. त्यानंतर डोळ्यांसमोरचा आकडा लक्षात राहत नसे. एका ताळमेळात त्यांनी दोन अंकांची अदलाबदल केली आणि ती चूक सहकाऱ्याने पकडली. महिनाभराने पुन्हा तसेच घडले. त्यांनी आधी कामाचे तास कमी करून घेतले, दुपारी गाडीत पंधरा मिनिटे डोळे मिटून पडण्याची सवय लावून घेतली आणि अखेर आठ महिन्यांनी रजा टाकून दावा दाखल केला.

कंपनीच्या सामूहिक विम्यात उत्पन्न-संरक्षणाचे कलम होते. प्रतीक्षा कालावधी, म्हणजे लाभ सुरू होण्याआधीचा काळ, 90 दिवसांचा होता. पहिले 24 महिने 'स्वतःचा व्यवसाय करता न येणे' ही अपंगत्वाची व्याख्या लागू होती आणि त्यानंतर 'शिक्षण, प्रशिक्षण व अनुभव पाहता कोणताही योग्य व्यवसाय करता न येणे' ही अधिक कडक व्याख्या. हे मला तेव्हा माहीत नव्हते, कारण पॉलिसी काय म्हणते हे मी विचारलेच नव्हते.

अडचण

उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायच्या निवेदनाचा चार पानांचा फॉर्म ओपीडीच्या गर्दीत आला आणि दोन रुग्णांच्या मधल्या दहा मिनिटांत मी तो भरला. निदान लिहिले, आजाराचा कोड लिहिला, 'रुग्ण काम करण्यास पूर्णपणे असमर्थ आहे' असे ठाम वाक्य लिहिले. बसणे, उभे राहणे, उचलणे, एकाग्रता यांच्या तक्त्यावर आडवी रेघ मारली. 'निर्बंध' आणि 'मर्यादा' असे दोन वेगळे रकाने होते. दोन्हींत 'काम करू नये' एवढेच लिहिले. शिवाय 'अपंगत्व सुरू झाल्याची तारीख' या चौकटीत निदानाची, म्हणजे सहा वर्षांपूर्वीची, तारीख टाकली.

सात आठवड्यांनी दावा फेटाळल्याचे पत्र आले. त्यातील तीन मुद्दे येथे सांगण्यासारखे आहेत. पहिला असा की, सहा वर्षांपूर्वीच अपंगत्व आले असेल तर रुग्णाने मधली सर्व वर्षे पूर्णवेळ नोकरी कशी केली. दुसरा असा की, असमर्थतेला आधार देणारे कोणतेही मोजमाप निवेदनात नाही. तिसरा मला सर्वाधिक लागला, कारण तो माझ्याच शब्दांतून काढला होता: लागोपाठ तीन भेटींच्या नोंदींत 'प्रकृती स्थिर, नवीन तक्रार नाही, चालणे नॉर्मल' असे लिहिले असल्याने निवेदन नोंदींशी विसंगत आहे.

रुग्ण ते पत्र घेऊन आल्या तेव्हा त्यांनी तेवढीच ओळ अधोरेखित केली होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी ठीक आहे असं तुम्हीच लिहिलंय."

मी 'स्थिर' लिहिले ते आजार पुढे सरकलेला नाही या अर्थाने. विमा कंपनीच्या सल्लागार डॉक्टरांनी ते रुग्ण बरी आहे या अर्थाने वाचले. माझ्या मते त्यांचे वाचन अप्रामाणिक नव्हते, कारण त्यांच्यापुढे दुसरे काहीच नव्हते. 'नवीन तक्रार नाही' याचा खरा अर्थ 'जुनी तक्रार तशीच आहे' असा होता. पण जुनी तक्रार, म्हणजे थकवा, मी वर्षभरापूर्वी एकदाच नोंदवून पुढे सोडून दिली होती. रुग्णही भेटीत "बरी आहे" म्हणत आणि मी पायांतील ताकद तपासून पुढे जात असे.

कोणते पर्याय होते

फेटाळणीच्या पत्रात पुनर्विचारासाठी मुदत दिली होती आणि ती पुरेशी होती. काय करायचे यावर मी दोन-तीन दिवस घेतले.

अधिक कडक शब्दांत तेच पत्र पुन्हा पाठवणे हा सर्वांत सोपा मार्ग होता आणि रुग्णाच्या कुटुंबाला तोच हवा होता. परंतु 'पूर्णपणे असमर्थ' हा मुळात वैद्यकीय निष्कर्ष नाही. शरीराच्या किंवा मेंदूच्या कार्यात किती उणीव आहे हे डॉक्टर सांगू शकतो. ती उणीव पॉलिसीतल्या व्याख्येनुसार अपंगत्व ठरते की नाही हा निर्णय दावा तपासणाऱ्याचा असतो. पहिल्या फॉर्मात मी माझे काम, म्हणजे मोजमाप, सोडून दिले होते आणि त्यांचे काम, म्हणजे निवाडा, करायला गेले होते.

उपचार करणारा डॉक्टर रुग्णाचा पक्षपाती असतो असे मानून, यातून अंग काढून घेऊन स्वतंत्र तज्ज्ञाकडे बोट दाखवणे हा दुसरा मार्ग. त्यात तथ्य आहे. उपचार आणि साक्ष या दोन भूमिका एका व्यक्तीत सुखाने नांदत नाहीत. पण सहा वर्षांच्या नोंदी माझ्याकडे होत्या आणि गैरसमजाचे मूळही माझ्याच नोंदींत होते, त्यामुळे हात झटकणे मला पटले नाही.

रुग्ण सांगतील ते तक्त्यात जसेच्या तसे उतरवण्याची पद्धतही बरीच चालते. तिच्यात खोटे काही नसते, पण डॉक्टरच्या सहीखाली रुग्णाचे म्हणणे डॉक्टरचे निरीक्षण असल्यासारखे दिसते आणि चाणाक्ष वाचणाऱ्याला ते लगेच कळते.

आणखी एक मार्ग उघडपणे कोणी सुचवत नाही, पण मनात येऊन जातो: मागच्या तीन नोंदींत थकव्याची एकेक ओळ घालून टाकणे. जुनी नोंद मागल्या तारखेने बदलणे ही लबाडी आहे आणि संगणकीय नोंदींत ती उघडही पडते. राहून गेलेली माहिती आजच्या तारखेने, 'उशिराची नोंद' असे स्पष्ट म्हणून लिहिता येते. त्यापलीकडे जाता येत नाही.

शेवटी असे ठरले की, केवळ या कामासाठी वेगळी भेट ठेवायची, मोजता येईल ते मोजायचे, मोजता येणार नाही ते रुग्णाचे कथन म्हणून वेगळे लिहायचे आणि पहिल्या निवेदनातील चूक उघड कबूल करून दुसरे निवेदन द्यायचे.

काय केले

भेट पन्नास मिनिटांची होती. येताना तीन गोष्टी आणायला सांगितल्या: पॉलिसीतील व्याख्येचे पान, कंपनीने दिलेले कामाचे वर्णन आणि प्रत्यक्ष काम कसे चालते याचे रुग्णाने स्वतः लिहिलेले टिपण. कंपनीच्या वर्णनात 'बैठे काम, संगणकाचा वापर, 5 किलोपर्यंत वजन' एवढेच होते. त्यावरून पाहिले तर रुग्ण हे काम सहज करू शकत होत्या. टिपणात मात्र दोन पडद्यांवर दोन खातेवह्या उघडून तासन्‌तास आकडे पडताळणे, मध्येच येणाऱ्या प्रश्नाला उत्तर देऊन पुन्हा त्याच ओळीवर येणे आणि चूक झाल्यास तिची जबाबदारी, हे सर्व होते. नोकरीची खरी मागणी पाठीच्या कण्यावर नव्हती, अवधानावर होती. दुसऱ्या निवेदनाचा कणा त्या टिपणाने दिला असे मी म्हणेन.

"कशा आहात?" हा प्रश्न त्या दिवशी मी विचारलाच नाही. कालचा दिवस उठल्यापासून तासातासाने सांगा, असे म्हटले. उत्तरातून कळले की त्या मुलीला शाळेत सोडायला वीस मिनिटे गाडी चालवतात, परत आल्यावर तासभर वाचू शकतात, बाराच्या सुमारास झोपावेच लागते आणि उकाड्याच्या दिवशी हे सारे दोन तास अलीकडे सरकते. उष्णतेने लक्षणे वाढण्याची ही गोष्ट या आजारात जुनीच माहीत आहे. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उटहॉफ यांनी तिचे वर्णन 1890 मध्ये केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. निवेदनात ती लिहिणे उपयोगी ठरले, कारण एखाद्या दिवशी रुग्ण ठीक दिसते आणि दुसऱ्या दिवशी नाही, याला तिच्यामुळे शरीरशास्त्रीय कारण मिळते.

त्यानंतर मोजमाप. चिन्हे आणि अंक जुळवण्याची 90 सेकंदांची एक चाचणी असते. ती मेंदूच्या माहिती हाताळण्याच्या वेगाचा अंदाज देते आणि 4 गुणांचा फरक या आजारात दखल घेण्याजोगा मानतात. सकाळी रुग्णाने 48 गुण मिळवले. मग त्यांना खोलीत बसवून त्यांच्याच कामासारखी आकड्यांची पडताळणी करायला दिली आणि तीन तासांनी तीच चाचणी त्याच पद्धतीने पुन्हा घेतली. सरावाने गुण वाढायला हवे होते, ते 39 वर आले. थकव्याच्या परिणामाची 21 प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. तिच्यात 84 पैकी 58 गुण आले. 38 च्या वरचे गुण लक्षणीय थकवा दर्शवतात असे सहसा धरतात. ही प्रश्नावली रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली असते, हेही निवेदनात नमूद केले.

एवढ्यावर न थांबता त्यांना न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे स्मृती, अवधान अशा मेंदूच्या क्षमता तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे, पाठवले. तेथील चार तासांच्या तपासणीत, रुग्ण मनापासून प्रयत्न करीत आहे की नाही हे पडताळणाऱ्या चाचण्याही असतात. त्या चाचण्यांचा निकाल निर्दोष होता. विमा कंपन्यांच्या संशयावर डॉक्टर मंडळी चिडतात, पण या विशिष्ट प्रश्नाचे उत्तर आपणच आधी मिळवून ठेवलेले बरे. थायरॉइड, रक्तक्षय आणि झोपेतील श्वासरोध ही थकव्याची इतर कारणेही तपासून बाजूला केली.

पहिला खरा पेच नैराश्याचा होता. रुग्णाला सौम्य नैराश्याची लक्षणे होती आणि त्यासाठी औषध चालू होते. त्यांनी कोठेतरी वाचले होते की अनेक पॉलिसींत मानसिक आजारांसाठीचा लाभ मर्यादित काळापुरताच, बहुधा 24 महिने, मिळतो. "ते लिहू नका," असे त्या म्हणाल्या. त्यांची भीती निराधार नव्हती. तरीही औषधांच्या यादीत ती गोळी दिसणारच होती आणि वगळलेली एक गोष्ट सापडली की उरलेल्या पानांवरचा विश्वासही जातो. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. अखेर त्यांच्या संमतीने लिहिले की नैराश्य आहे, सौम्य आहे, उपचार चालू आहेत, आणि न्यूरोसायकॉलॉजिस्टच्या मते चाचण्यांतील घसरणीचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. समुपदेशनाच्या खासगी नोंदी मात्र सोबत जोडल्या नाहीत. त्या मागितल्याही नव्हत्या.

दुसरा पेच तक्त्याचा. 'बसणे' या ओळीत मी आठ तासांपैकी सहा तास लिहिले तेव्हा रुग्णाचा चेहरा उतरला. आपण एवढा वेळ बसू शकतो असे लिहिले तर दावा गेलाच, असे त्यांना वाटले. परंतु बसता येते हे खरे होते. गाडी चालवता येते हेही खरे होते आणि तेही लिहिले. दावेदाराला न कळत पाळत ठेवून चित्रीकरण करण्याची पद्धत या क्षेत्रात आहे. ज्या निवेदनात गाडी आधीच लिहिलेली आहे, त्याचे अशा चित्रीकरणाने काही बिघडत नाही. तक्त्यातील शब्दांना ठरावीक अर्थ असतो, हेही मी या वेळी नीट पाहिले. 'कधीकधी' म्हणजे दिवसाच्या एक तृतीयांशापर्यंत, 'वारंवार' म्हणजे एक तृतीयांश ते दोन तृतीयांश. आठ तासांच्या दिवसात 'कधीकधी'वर खूण केली की 2 तास 40 मिनिटांपर्यंत ते काम होते असे आपण मान्य करतो. बोलताना हा शब्द वापरणाऱ्याच्या मनात एवढा वेळ क्वचितच असतो. म्हणून एकाग्रतेच्या ओळीत खूण न करता वाक्य लिहिले: 'सलग अवधानाचे काम 90 मिनिटांपर्यंत. त्यानंतर चुका वाढतात. दिवसात विश्रांतीसह असे एकच सत्र भरवशाने शक्य.'

निर्बंध आणि मर्यादा यांतील भेदही या वेळी पाळला. निर्बंध म्हणजे हानीच्या भीतीने डॉक्टरने मना केलेली गोष्ट. येथे फक्त उष्ण जागी काम करणे आणि थकल्यावर गाडी चालवणे एवढेच निर्बंध होते. मर्यादा म्हणजे रुग्णाला न जमणारी गोष्ट. अवधान, वेग आणि चुकांचे प्रमाण त्या रकान्यात गेले. अपंगत्वाच्या चौकटीत रजेचा पहिला दिवस लिहिला, तास कमी केल्याचा दिवस वेगळा नोंदवला आणि पहिल्या निवेदनात निदानाची तारीख माझ्या चुकीने पडली होती असे एका ओळीत सांगितले. 'स्थिर' या शब्दाचा माझ्या नोंदींतला अर्थही एका परिच्छेदात खुलासा करून लिहिला.

निवेदन पोहोचल्यावर दोन आठवड्यांनी विमा कंपनीच्या सल्लागार डॉक्टरांचा फोन आला. बोलणे सभ्य होते, आठ-दहा मिनिटांचे. चार दिवसांनी त्याचा सारांश पत्राने आला: 'उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्ण बैठे काम करू शकते हे मान्य केले आहे', आणि दहा दिवसांत उत्तर न आल्यास हा सारांश मान्य समजण्यात येईल. फोनवर मी 'बसू शकतात' असे म्हटले होते. बसता येणे आणि बैठी नोकरी करता येणे यांतले अंतर त्या सारांशात गळून गेले होते. त्याच दिवशी लेखी उत्तर पाठवले आणि न्यूरोसायकॉलॉजिस्टच्या अहवालातील दुसऱ्या सत्राची आकडेवारी पुन्हा जोडली. ते पत्र टपालाच्या गठ्ठ्यात आठवडाभर पडून राहिले असते तर काय झाले असते, याचा विचार अजूनही अधूनमधून येतो.

निष्पत्ती

पुनर्विचारात दावा मंजूर झाला आणि प्रतीक्षा कालावधी संपल्यापासूनची थकबाकी मिळाली. पहिल्या अर्जापासून तोपर्यंत नऊ महिने गेले होते. त्या काळात कुटुंबाने बचतीवर दिवस काढले. दर सहा महिन्यांनी मूल्यमापन पाठवण्याची अट आहे. 'कामावर परतण्याची अपेक्षित तारीख' या चौकटीत मी तारीख न देता पुढील मूल्यमापनाची तारीख आणि तेव्हा कोणत्या चाचण्या पुन्हा होतील ते लिहिले होते. ते स्वीकारले गेले.

माझे या कामात एकूण पाच तास गेले. पहिल्या फॉर्मावर दहा मिनिटांऐवजी एक तास दिला असता तर बहुधा त्यातले निम्म्याहून अधिक वाचले असते.

आज वेगळे काय केले असते

पहिली सुधारणा फॉर्मात नाही, फॉर्म येण्याच्या वर्षभर आधीच्या नोंदींत करायला हवी होती. रुग्णाने कामाचे तास कमी केले ही बातमी मला एका भेटीत सहज बोलताना कळली होती आणि मी ती लिहिली नाही, कारण मला ती वैद्यकीय वाटली नाही. आता 'स्थिर' हा शब्द मी एकटा लिहीत नाही. एमआरआय स्थिर, चालणे स्थिर, कामाची क्षमता अशी अशी, असे तुटक का होईना, वेगवेगळे लिहिते. रुग्ण "बरी आहे" म्हणाली तर ते तिच्या शब्दांत अवतरणचिन्हांत जाते आणि पुढे एक प्रश्न विचारला जातो.

फोनच्या बाबतीतही पद्धत बदलली आहे. सल्लागार डॉक्टरांशी बोलायला माझी हरकत नसते, पण प्रश्न आधी लेखी मागवते आणि उत्तरही लेखी देते.

तीन तासांच्या अंतराने घेतलेल्या चाचणीबद्दल मी तितकी निश्चिंत नाही. तिने काम केले खरे, पण ती मी स्वतः घेतली होती, निकाल काय यावा याची मला कल्पना होती आणि रुग्णालाही होती. न्यूरोसायकॉलॉजिस्टचा अहवाल सोबत नसता तर मीच तिच्यावर आक्षेप घेतला असता. पुन्हा असे प्रकरण आले तर ती चाचणी दुसऱ्या कोणाकडून करवून घेईन.

पंधरा महिन्यांनी व्याख्या बदलेल आणि प्रश्न 'कोणताही योग्य व्यवसाय' असा होईल. तेव्हा दुसऱ्या निवेदनातली दिवसाला 90 मिनिटांच्या एका सत्राची ओळ पुन्हा वाचली जाईल. रुग्णाने गेल्या भेटीत विचारले की ती ओळ तेव्हा आपल्या बाजूने वाचतील की विरुद्ध. मला सांगता आले नाही. सहा महिन्यांनी चाचण्या पुन्हा झाल्या तेव्हा मात्र ती 75 मिनिटे झाली आणि आम्ही तसे लिहून पाठवले.